हिराताईंचा पांढरा दोरा

हिराताई म्हात्र्यांबद्दल लिहायचा अधिकार खरं तर माझा नाही. आमच्या ग्रुपमधल्या कुणीही लिहावं, मी सोडून. पण बाकीच्यांना त्यांचा कान माहीत आहे, हात माहीत आहेत. त्यांच्या हातातलं काम कसं गेलं, ते सांगायचं तर मलाच सांगायला हवं. तर सांगतो.

आम्ही बारा-पंधरा जण रविवारी सकाळी रिमोटच्या बोटी चालवतो. शीळफाट्याच्या अलीकडे एक जुनं तळं आहे, तिथे. हसा, हसा, माझी बायकोही हसते. पन्नाशीला टेकलेले लोक काठावर उभे राहून हातभर लांबीच्या बोटी पळवतात म्हटल्यावर हसणारच कुणीही. पण त्या खेळणी नाहीत. बॅटरीवरची मोटर, मोटरपासून मागच्या प्रोपेलरपर्यंत जाणारा शाफ्ट, शाफ्टभोवती पितळी नळी, आणि नळीत शाफ्टला नीट मध्यावर धरून ठेवणारी बुश आणि बेअरिंगं. बुश म्हणजे करंगळीच्या पेराहून छोटी गनमेटलची बांगडी. ती घासली की शाफ्ट थडथडतो, शाफ्ट थडथडला की सगळी बोट कामातून जाते. हे आज मी मोठ्या ऐटीत सांगतोय. हिराताई भेटेपर्यंत यातलं ओ की ठो मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी नवीन बोट घेतलेली. पिवळी, परदेशी बनावटीची. व्हिडिओ बघून बघून शहाणा झालेला माणूस मी, कुणाला विचारायचं नाही हा बाणा. तळ्याच्या कठड्यावर सकाळी फिरून दमलेल्या गावातल्या बायका बसायच्या. त्यातली एक उठून माझ्याकडे आली. साठीच्या आसपासची, फिकट साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज, कपाळावर मोठं कुंकू.

“त्या पिवळीचं बुश गेलंय,” ती म्हणाली.

“काय?”

“बुश. मागचं. बंद कर, नाहीतर शाफ्ट खाईल.”

“काकू, इम्पोर्टेड बोट आहे ती.”

“असूंदे ना. बुश गेलंय.”

मी हसलो. मुद्दाम आणखी जोरात सोडली. तिसऱ्या फेरीला बोट किंचाळली आणि तळ्याच्या मधोमध थांबली. ग्रुपचे म्होरके साठे सर, शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे मास्तर, टायरच्या ट्यूबवर बसून ती ओढून आणायला गेले. उघडून बघितली तर बुशचं गोल भोक लांबट झालेलं आणि शाफ्टवर खोल चरा.

“ग्रीस कुठलं लावतोस?” बाईंनी विचारलं.

“ग्रीस… म्हणजे लावायचं असतं का?”

त्या कठड्याकडे वळून ओरडल्या, “अगो बायांनो, ग्रीसच लावत नाय हा!” आणि सगळा कठडा खो खो हसला. साठे सरसुद्धा काठावर ट्यूबवर बसल्या बसल्या हसले. मला त्या दिवशी जी लाज वाटली ती आता आठवली की गंमत वाटते. नंतरच्या लाजेपुढे ती म्हणजे काहीच नव्हे.

हिराताई डोंबिवलीच्या एमआयडीसीत टेबलफॅनच्या कारखान्यात होत्या, सव्वीस वर्षं. आधीची काही वर्षं मोटरमध्ये बुश दाबून बसवायचं काम, पुढे शेवटच्या टेबलावर. शेवटचं टेबल म्हणजे ऐकायचं टेबल. पंखा चालू करायचा, ऐकायचा, पास की फेल सांगायचं. कारखान्यात इतका गोंगाट की शेजारचा माणूस काय बोलतो ते कळू नये, त्यात हिराताई लाकडी पेन्सिलीचं एक टोक मोटरला लावायच्या, दुसरं कानाजवळच्या हाडाला, आणि डोळे मिटायच्या. पंखा पास झाला की त्याला पांढरा दोरा बांधायचा. दोऱ्याशिवाय पंखा गेटबाहेर गेला नाही कधी, असं त्या सांगायच्या आणि सांगताना पदर उगाच सारखा करायच्या.

पुढच्याच रविवारी त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन तळ्यावर आल्या. आत पेन्सिल, जुनं मऊ फडकं, इअरबड, ग्रीसची डबी, चिमटा आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. कुणी बोलावलं नव्हतं. “घरी बसून काय करू? सून मिक्सरपण दाखवत नाय मला, म्हणते आई, तुम्ही लगेच उघडता.” त्या दिवसापासून आमच्या बोटींची दुरुस्ती त्यांच्याकडे गेली. बोट पाण्यातून आली की शाफ्ट ओढून काढायचा, पुसायचा, ग्रीस बघायचं. “दुधासारखं पांढरं झालंय बघ. पाणी गेलंय आत.” मग नळीत इअरबड फिरवून सगळं साफ, नवीन ग्रीस, प्रोपेलर धरून हलकेच हलवून बघायचा. जराही खडखडला की बुश बदल. बेअरिंग बोटावर घेऊन फिरवायचं आणि थांबेपर्यंत बघायचं. कसं थांबतं यावर त्यांचा फार भर. “मऊ थांबलं पाहिजे. अडखळून थांबलं तर आत खडा आहे.” सगळं मनासारखं झालं की सुकाणूच्या दांडीला पांढरा दोरा. दोरा नाही तर बोट पाण्यात नाही, हा नियम साठे सरांनी कधी लिहून काढला नाही, पण मोडायची कुणाची हिंमत नव्हती.

दोऱ्याची गाठ त्यांची खास होती. सुरगाठ. एक टोक आखूड, एक लांब, लांब टोक ओढलं की अलगद सुटायची. मी एकदा विचारलं, “ताई, निरगाठ मारा ना, पाण्यात सुटली तर?”

“माझी नाय सुटत. आणि निरगाठ कनाला? परत उघडायचंच आहे ना आठ दिवसांनी? कात्री लावायला लागली म्हणजे बांधणाऱ्याला कळत नव्हतं.”

हे “कनाला” त्यांच्या गावाकडचं, म्हणजे कशाला. एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण चिडल्या किंवा खूश झाल्या की माहेरची बोली वर यायची, ‘मला’चं ‘मना’ व्हायचं. माहेर कळव्याकडचं, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांचं.

कानाचं तर काय सांगावं! एकदा गावात हळद होती, आम्हा सगळ्यांना आमंत्रण. डीजे असा की ताटातली भाजी थरथरत होती. आम्ही नाचतोय आणि हिराताई मांडवाच्या मागे जाऊन उभ्या. मी विचारलं काय झालं. “जनरेटरचं बेअरिंग जातंय. सांग त्याला, दहा मिनटं बंद ठेव.” जनरेटरवाला पोरांसारखा हसला. “मावशे, तुला डीजेत बेअरिंग ऐकायला येतं?” अर्ध्या तासात घर्रकन आवाज आला आणि मांडव अंधारात. लोकांनी जनरेटरवाल्याला काही म्हटलं नाही, ताईंनाच म्हणाले, काळ्या जिभेची आहेस. त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “ऐकायला आलं हा काय माझा गुन्हा आहे काय रे?” आणि मग स्वतःच इतक्या हसल्या की कुंकू पसरलं.

असा कान. असा हात. आणि माझ्यासारख्या माणसावर विश्वास.

आता खरी गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी बाहेरगावचे दोन ग्रुप आमच्या तळ्यावर शर्यतीला येणार असं ठरलं. साठे सरांनी सगळ्यांना कळवून टाकलं की आमच्याकडे बोटी तपासायला हिराताई आहेत, सगळ्यांच्या बोटी त्यांच्या हाताखालून जातील, ज्या बोटीला पांढरा दोरा तीच पाण्यात. बाहेरच्यांनाही तोच नियम. ताईंनी वरवर “हो का, बघू” केलं, पण रीळ नवीन आणलं आणि डब्याला आतून कागद लावला. कारखाना सुटल्यावर पहिल्यांदाच त्यांना पुन्हा शेवटचं टेबल मिळत होतं.

शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी मी शहाणपणा केला. ऑफिसातल्या दोघांना बोट दाखवायची म्हणून कळव्याला खाडीत घातली. घरी आलो, वरून पुसली, झोपलो. शनिवारी संध्याकाळी तपासणीला नेली. ताईंनी शाफ्ट ओढून काढला, पुसला, नाकाजवळ नेला आणि मग जिभेच्या टोकाला लावला.

“खाडीत घातलीस?”

“नाही ओ ताई. तळ्यातच.”

“महेश, मिठागरवाल्याच्या पोरीला मीठ कळत नाय व्हय? बेअरिंगं दोन्ही गंजायला लागलीत. बघ कशी थांबतात.” त्यांनी एक बोटावर फिरवलं. ते दोनदा अडखळलं. “दोन्ही बदल, मग ये.”

त्या मापाची बेअरिंगं सोमवारशिवाय मिळणार नव्हती. मी विनवलं, चिडलो, एका शर्यतीने काय होतं म्हणालो. त्या ऐकेनात. “ह्या बोटीला मी दोरा नाय बांधायची. राग मानू नकोस.” आणि त्या चहा प्यायला टपरीकडे गेल्या. डबा उघडा राहिला, आजूबाजूला कुणी नव्हतं. कुणावर लक्ष ठेवायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

मी रिळाचा वीतभर दोरा तोडला.

कारण विचाराल तर असं काही मोठं नाही. बाहेरच्या लोकांसमोर माझी पिवळी पळावी, एवढंच. मी बेअरिंगांवर भरपूर तेल ओतलं, घरी जाऊन सुकाणूच्या दांडीला दोरा बांधला, आणि घट्ट राहावा म्हणून गच्च निरगाठ मारली. एक नाही, दोन.

रविवारी तळ्यावर हीऽऽ गर्दी. आमच्या गटात पाच बोटी होत्या. दोऱ्यांवर नजर टाकणारा पोरगा लांबून बघत होता, पांढरं दिसलं की पुढे. ताई पलीकडच्या काठावर बाहेरच्यांच्या शेवटच्या बोटी ऐकत होत्या. पहिल्या दोन फेऱ्या मी पुढे होतो, देवाशपथ, सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या फेरीत वळणावर मागचं बेअरिंग जाम झालं, शाफ्ट तुटला आणि बोट जागच्या जागी खुंटली. तिच्या मागोमाग साठे सरांची बोट होती. सरांनी ती स्वतः लाकडातून घडवलेली, दोन वर्षं रोज संध्याकाळी बसून. ती माझ्या बोटीवर चढली, उडाली, कठड्यावर आदळली आणि दोन तुकडे झाले.

सर खाली वाकले. तुकडे उचलून जुळतात का ते बघत राहिले. बोलले बाकीचे. कुणीतरी माझी बोट काढली आणि ओरडला, “अरे, दोरा तर आहे! तपासलेली बोट आहे!”

ताई तोवर धावत आलेल्या. त्यांनी बोट हातात घेतली. दोऱ्याचं टोक ओढलं. सुटलं नाही. दुसरं टोक ओढलं. तेही नाही. त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला, मग माझ्याकडे बघितलं.

“महेश, हा दोरा मी बांधला का?”

एवढंच. आरोप नाही, दरडावणं नाही. त्यांना खरंच विचारायचं होतं. चाळीस माणसं गोल करून उभी, साठे सरांच्या हातात ते तुकडे. ‘नाही’ हा शब्द किती लहान आहे! तोंड उघडून म्हटला असता तर आज हे लिहायला बसलो नसतो.

मी म्हणालो, “हो ताई. काल संध्याकाळी. चहाच्या आधी.”

त्या गाठीकडे बघत राहिल्या. “बरं,” त्या म्हणाल्या. “मग बांधला असेन.”

इथेही थांबलो असतो तर चाललं असतं, म्हणजे चाललं नसतंच, पण मी पुढे गेलो. लोक कुजबुजायला लागले तसं मी मोठ्या दयाळू आवाजात म्हणालो, “जाऊ द्या रे. ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय नुकतंच. वय आहे, होतं कधीकधी.” लोकांनी माना डोलावल्या. एकाने माझी पाठ थोपटली, की बोट माझी गेली तरी मी त्यांना सांभाळून घेतोय. ती थाप अजून माझ्या पाठीवर आहे. तिची आठवण आली की मला अंग चोरावंसं वाटतं.

पुढच्या रविवारी ताई आल्या. कुणी त्यांच्याकडे बोट दिली नाही. कुणी वाईट बोललं नाही, उलट जास्तच गोड बोलले. “बसा ताई, आराम करा, आमचं आम्ही करतो.” त्या डबा मांडीवर घेऊन तासभर कठड्यावर बसल्या. त्यानंतर आल्या नाहीत.

आठ महिने मी काय केलं? रविवारी तळ्यावर गेलो. नवीन बेअरिंगं घातली, नियमाने ग्रीस लावलं, ताईंनी शिकवलं तसं बोटावर फिरवून बघितलं. साठे सरांना नवीन बोटीसाठी लाकूड आणून दिलं, हौसेने. रोज स्वतःला सांगायचो, सोमवारी जातो, शुक्रवारी जातो. असा भित्रा माणूस मी. शेवटी तळ्याकाठी त्यांची सून भेटली. मी विचारलं ताई कशा आहेत. ती म्हणाली, “बऱ्या आहेत. पण गप्प झाल्यात. कान तपासून आलो दोनदा. डॉक्टर म्हणतात कान चांगले आहेत, ह्या म्हणतात नाहीत. गॅस बंद केलाय का ते चारदा बघतात. म्हणतात, मला आठवत नाही मी काय केलं ते.”

त्याच दुपारी गेलो. तीन मजली घर, खाली दुकानांचे गाळे, ताई पहिल्या मजल्यावर. मला बघून त्यांना आनंद झाला, हे लिहितानाही कसंतरी होतं. “ये ये! बोट कशी आहे?” पाणी दिलं, चहा टाकला. खोलीत फळीवर एक जुना टेबलफॅन चालू होता, त्यांच्याच कारखान्यातला. बारीक खरखर येत होती. मला, महेश गावडेला, दारातूनच ऐकू आली.

ताई माझ्या समोर बसल्या आणि जरा ओशाळून म्हणाल्या, “रे, ह्या पंख्याचा आवाज येतोय का? का मलाच वाटतोय? मला आता नक्की सांगता येत नाय.”

मला राहवलं नाही. पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि बोललो. “ताई, तो दोरा मी बांधला होता. तुम्ही नाही. तुम्ही नाहीच म्हणाला होतात. मी तुमच्या डब्यातून चोरला. खाडीतही घातली होती. आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो.”

त्या रागावतील, रडतील, हाकलतील, असं बरंच मी येताना मनात म्हणून आलो होतो. त्यातलं काही झालं नाही. चहा उतू गेला, त्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मीच उठून गॅस बंद केला.

“गाठ माझी नव्हती,” त्या हळू म्हणाल्या. “हाताला कळलं होतं रे. लगेच कळलं. पण तू हो म्हणालास. मना वाटलं, महेश कनाला खोटं बोलेल? तुला नाय म्हणाल्याचं आठवत होतं, पण वाटलं ते दुसऱ्या कुणाला असेल, मग माझीच गाठ बदलली असेल. घरी येऊन रोज मारून बघायची, बरोबर यायची. तरी वाटायचं, त्या दिवशी चुकली असेल.”

“ताई, मला माफ—”

“मना नको सांगू.” आवाज चढला नाही. “ज्यांच्यासमोर हो म्हणालास त्यांना जाऊन सांग.”

सांगितलं. पुढच्याच रविवारी, सगळ्यांसमोर, साठे सरांकडे बघून. कुणी पाठ थोपटली नाही. सर इतकंच म्हणाले, “बोट परत घडवता येते, गावडे,” आणि कामाला लागले. मग ते स्वतः दोघांना घेऊन ताईंना बोलवायला गेले. ताईंनी त्यांना पोहे केले, खूप गप्पा मारल्या, पण यायला नाही म्हणाल्या. डबा मात्र दिला. हल्ली सर दोरा बांधतात. त्यांना सुरगाठ जमते. माझी बोट तेच तपासतात आणि सगळ्यात जास्त वेळ लावतात. मी काठावर उभा राहतो. मी ताईंकडे परत गेलो नाही. जायला तोंड नाही.

म्हणून हिराताईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या दुपारीच, जिना उतरता उतरता. दार उघडंच होतं. त्यांनी टेबलाच्या खणातून लाकडी पेन्सिल काढली. एक टोक पंख्याच्या मोटरला लावलं, दुसरं कानाजवळ, आणि डोळे मिटले. बराच वेळ तशाच उभ्या होत्या, केस वाऱ्याने उडत होते. मी जिन्यातच थांबलो.

“बुश गेलंय,” त्या म्हणाल्या.

मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण या वेळी त्यांनी मला विचारलं नाही.